नमुन्याचं पाणी

पाण्याचा नमुना हा गावाचा प्रतिनिधी असतो, आणि प्रतिनिधीला जिल्ह्याला पाठवताना आंघोळ घालून पाठवावं, एवढी समज प्रत्येक सुसंस्कृत गावाला असते.

माळेवाडी हे कोल्हापूरजवळचं, नदीकाठचं असंच एक सुसंस्कृत गाव. तिथल्या पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष केरबा यांनी गावासाठी शुद्धीकरण यंत्र मागितलं होतं. दर पावसाळ्यात गावात कावीळ यायची, आणि यंदा ती त्यांच्या नातीला, वर्षाराणीला झाली होती. पोर डोळ्यांदेखत वाळली, तेव्हा केरबांना पहिल्यांदा भीती वाटली. अर्ज गेला. वरून उत्तर आलं: नळाच्या पाण्याचा नमुना पाठवा.

केरबांनी बाटली भरून आणली. त्यांच्या पत्नी धोंडुबाईंनी ती उजेडात धरली.

"आवं, हे असलं पाणी जिल्ह्याला दावायचं? लोक काय म्हनतील?"

मुद्दा बिनतोड होता. धोंडुबाईंनी पाणी तुरटी फिरवून निवळलं, नव्या धोतराच्या फडक्यानं गाळलं, चांगलं खळखळून उकळलं आणि बाटली आतून-बाहेरून कढत पाण्यानं विसळून त्यात भरलं. (लॅबनं बाटली निर्जंतुक करूनच दिली होती, पण सरकारी माणसाच्या हाताचा काय भरवसा?)

अहवाल आला: पाणी पिण्यास उत्तम. सबब, यंत्राची आवश्यकता नाही. यंत्र पलीकडच्या गावाला गेलं. त्यांच्या नमुन्यात बेडकाचं पिल्लू निघालं होतं. (काही गावांना लाज म्हणून नसतेच.)

माळेवाडीच्या वेशीत 'शुद्ध पाण्याचं गाव' अशी हिरवी पाटी लागली. केरबांना नारळ, शाल आणि फेटा मिळाला. सत्काराला आलेले साहेब भाषणभर स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत होते, पण टाळ्या जोरदार झाल्या. पाटी लागल्यापासून गावात लग्नाच्या चौकश्या दुप्पट झाल्या आणि कावीळ होती तेवढीच राहिली. मात्र पाणी शुद्ध असल्याचं सिद्ध झाल्यामुळं ती आता पाण्यानं होऊ शकत नव्हती. त्यामुळं दवाखान्याच्या नोंदीत 'बाहेरगावी पाणी प्याले' असं लिहिलं जाऊ लागलं. अंथरुणाला खिळलेली अंबूबाईसुद्धा अशी बाहेरगावी जाऊन आली.

पुढच्या पावसाळ्यात पाटी कायम ठेवायला जिल्ह्यानं नवा नमुना मागितला, आणि त्याच आठवड्यात वर्षाराणीचे डोळे पुन्हा पिवळे झाले. ती पोर वेशीबाहेर गेली नव्हती, हे केरबांइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, "औंदा नळाचं हाय तसं पाणी धाडायचं. यंत्र मिळालंच पायजे."

सभा गंभीर झाली. सरपंच क्रांतीताई समजुतीनं म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमचं खरं हाय. पन पाटी निघाली तर गावात पोरगी कोन देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मागून गुंडू म्हणाला, "माझी सोयरीक ठरंस्तवर थांबा की."

लोकशाहीत एका माणसाचं काय चालतं? नमुना गेल्या वर्षीसारखाच पाठवायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात केरबाही होते. गुंडू त्यांचा सख्खा पुतण्या होता.

घरी धोंडुबाईंनी चुलीवर पातेलं चढवलं. पाणी उकळलं, निवलं. अंथरुणातून उठून वर्षाराणी दाराशी आली.

"आज्जी, पानी दे की."

पातेल्याकडं गेलेला तिचा हात धोंडुबाईंनी मायेनं बाजूला केला. "त्ये नमुन्याचं हाय, बाळा. तुझं माठात हाय."

केरबा ऐकत होते. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि पातेल्यात उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुळशीला घातलं.

माळेवाडीला हसायला हरकत नाही. आपल्याकडं पाहुणे आले की आपण सीलबंद बाटली फोडतो, आणि शाळेला निघालेल्या पोराची बाटली घाईघाईत नळाखाली धरतो. ती बाटली कुणी तपासायला नेत नाही, म्हणून आपलाही अहवाल अजून उत्तम आहे.