गेटपासशिवाय गेलेला खडा

"खडा कुठंय?"

भूल उतरल्यावर झडतीकाका पहिलं बोलले ते हे. उशाशी बायको बसली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाणी मागितलं नाही. उजव्या हाताला सलाइन होतं, म्हणून डावा हात पुढे केला आणि तळवा उघडला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांना वाटलं, काकांना नाडी दाखवायची आहे. त्यांनी मनगट धरलं.

"नाडी नको. खडा द्या."

"काका, खडा गेला. लेसरनं त्याचा भुगा केला."

"मग भुगा द्या."

"तो पाण्याबरोबर वाहून गेला. थोडा राहिलाय, तो लघवीतून जाईल."

"म्हणजे दाखवायला काहीच नाही?"

"नाही ना," डॉक्टर हसून म्हणाल्या. त्यांना ही आनंदाची बातमी वाटत होती.

झडतीकाकांनी डोळे मिटले. कारखान्याच्या गेटवर त्यांचा सगळा जन्म गेला होता. सुटणाऱ्या प्रत्येक कामगाराचे खिसे, डबे आणि पिशव्या त्यांच्या हाताखालून जायच्या. एकदा खुद्द मॅनेजरची मिटलेली छत्री त्यांनी उलटी करून झटकली होती. गेटपास दाखवल्याशिवाय आतला खिळाही बाहेर जाणार नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि नावही त्यावरूनच पडलं होतं. निवृत्त झाल्यावरही बायको बाजारातून आली की त्यांचा हात आधी पिशवीत जाई. आणि आता खुद्द त्यांच्या पोटातून वाटाण्याएवढा माल बाहेर गेला होता. तोही ते बेशुद्ध असताना!

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर काकूंना म्हणाल्या, "किडनीपासून खाली एक बारीक नळी ठेवली आहे. सूज उतरेपर्यंत राहू दे. पुढच्या आठवड्यात येऊन काढून घ्यायची, विसरायची नाही. आत राहिली तर तिच्यावरच खडे चढतात. पुढं किडनीसुद्धा जाऊ शकते."

काकूंनी मनाशी खूणगाठ बांधली. काकांनीही बांधली, पण वेगळीच. माल दाखवत नाहीत, वर स्वतःचा माल आत ठेवतात. यात काहीतरी आहे.

संध्याकाळी साडू भेटायला आले. साडूंचं चष्म्याचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी पोट फाडून त्यांचाही खडा काढला होता आणि तो बाटलीत घालून त्यांनी दुकानातल्या काचेच्या कपाटात, चष्म्यांच्या फ्रेमांशेजारी ठेवला होता. नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी फळ्यावरची अक्षरं वाचावी लागत आणि मग खडा बघावा लागे.

"लेसर?" साडू म्हणाले. "अहो साडूबुवा, लेसर डोळ्यांचा असतो! माझी निम्मी गिऱ्हाइकं लेसरनं पळवली. चष्मा जातो त्यानं. खडा कसा जाईल?"

"भुगा झाला म्हणतात."

"बघितलात?"

"नाही."

"टाका दाखवा."

"टाका नाही. खालच्या वाटेनंच गेले म्हणे."

साडूंनी शर्ट वर केला आणि वीतभर व्रण दाखवला. "ह्याला म्हणतात ऑपरेशन," असं म्हणून त्यांनी शर्ट खाली घेतला आणि काकांकडे बघत नुसती मान हलवली. बोलले असते तर काकांना कमी लागलं असतं.

घरी आल्यावर झडतीकाकांनी जाहीर केलं, "खडा दाखवल्याशिवाय नळीला हात लावू देणार नाही."

"अहो, किडनी जाईल!"

"जाऊ दे. पण गेली तर मला दिसली पाहिजे."

नळीमुळे बिचाऱ्यांना धड बसवत नव्हतं. पाणी प्यायलं की लगेच उठावं लागे आणि उठलं की कमरेत कळ येई. तरी हेका सुटेना. शेवटी काकू त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. म्हटलं, शंका तरी फिटू दे.

"मला डोळ्यांचा लेसर मारलात का?" काकांनी खुर्चीत टेकायच्या आत विचारलं.

"नाही हो. लेसर काय एकच असतो?" डॉक्टरांना विषय आवडीचा होता. "डोळ्याच्या मागच्या पडद्यावर शीर गळत असेल तर हिरवा उजेड वापरतात. रक्ताचा लाल रंग तो उजेड शोषून घेतो, शीर तापते आणि गळायची थांबते. चष्म्याचा नंबर घालवायचा लेसर निराळा. तो डोळ्याला दिसत नाही, बुबुळावरचा अगदी पातळ थर उडवतो. चामखीळ जाळायला कार्बन डायॉक्साइड वायूतून काढलेला लेसर असतो. तुमचा होल्मियमचा. होल्मियम म्हणजे एक धातू. तो स्फटिकात मिसळायचा आणि त्यावर झगझगीत दिवा मारायचा. आत उजेड तयार होतो आणि दोन आरशांमध्ये मागंपुढं धावत वाढत जातो. त्यातला एक आरसा थोडासा उजेड बाहेर सोडतो. त्यामुळं तो निघतो तेव्हा सगळा एकाच रंगाचा, एकाच दिशेनं, ओळीत निघतो."

"एकाच गेटातून?"

"हो, तसंच म्हणा."

"हे बरोबर केलंय," काका म्हणाले. "दोन गेटं ठेवली की माल फुटतो."

काकूंना हायसं वाटलं. पण काका खुर्चीत पुढे सरकले.

"मग तो उजेड खडा फोडतो कसा?"

"केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून तो खड्यापर्यंत नेतो. हा उजेड पाण्याला फार आवडतो. पाणी तो लगेच पिऊन टाकतं. क्षणात उष्णता होते आणि खड्याच्या कपच्या उडतात."

"किडनीत पाणीच असतं ना?"

"हो."

"ते उजेड पिऊन टाकतं?"

"हो."

"मग खड्याला काय उरलं?"

डॉक्टर एकदम खूष झाल्या. "काका, हा प्रश्न आमची शिकाऊ मुलंसुद्धा विचारत नाहीत! तारेचं टोक खड्याला जवळजवळ टेकवायचं. मधल्या थेंबभर पाण्याचा वाफेचा बुडबुडा होतो आणि त्या बुडबुड्यातून उरलेला उजेड खड्यावर जातो."

"म्हणजे पाण्याला चकवून जाता."

"असंच काहीसं."

"जो पाण्याला चकवतो," काका बायकोकडे वळून म्हणाले, "तो माणसाला सोडेल?"

डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून संगणकावर ऑपरेशनचं चित्रण लावलं. पडद्यावर गुलाबी गुहेसारखं काहीतरी दिसलं. त्यात एक पिवळट गोळा होता, गोळ्यावर लाल ठिपका होता आणि भोवती धुरळा उडत होता.

"हा लाल म्हणजे लेसर?"

"नाही, तो नुसता नेम दाखवायला. खरा उजेड डोळ्यांना दिसत नाही."

"खरा दिसत नाही," काका म्हणाले. "ऐकलंस?"

"ऐकतेय," काकू म्हणाल्या.

"आणि ही माझीच किडनी कशावरून?"

"वर तुमचं नाव आहे की, काका."

"नाव! बाई, डब्यावर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याच्या नटबोल्टांची पिशवी, असे किती डबे मी उघडलेत."

डॉक्टरांनी संगणक बंद केला. "नळी काढायला मात्र नक्की या," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजातला उत्साह गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी तपास स्वतःच्या हातात घेतला. उरलेला भुगा लघवीतून जाणार असेल, तर तिथंच गेट लावायचं. स्वयंपाकघरातून चहाची गाळणी नाहीशी झाली. काकूंनी सगळी फडताळं धुंडाळली, शेजारणीवर संशय घेतला आणि चहा फडक्यातून गाळायला सुरुवात केली. काका तो चहा निमूट प्याले. चहाला फडक्याचा वास येतो, असंही म्हणाले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उपसणारा माणूस असा गप्प बसला, तेव्हाच काकूंनी ओळखायला हवं होतं.

आधी गाळणीत काहीच सापडेना. भुगा इतका बारीक होता की जाळीतून निघून जात असावा. काकांनी त्याचा अर्थ लावला: खडा आतच आहे. मग एके दिवशी जाळीला तीन-चार कण चिकटलेले दिसले. वाळूसारखे, पिवळट. कण वाळावेत म्हणून त्यांनी गाळणी न्हाणीघराच्या खिडकीत उन्हाला ठेवली आणि तिच्यावर नजर ठेवत बाहेरच्या खोलीत बसले.

नेमके तेव्हाच साडू आणि मेहुणी आले.

"ताई, तू बस. दमलीस. चहा मी करते," मेहुणी म्हणाली आणि आत गेली. साडूंनी लगेच विचारलं, "काय, दिसला का खडा?"

"तपास चालू आहे," काका म्हणाले. त्यांना सांगायची घाई होती, पण पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी सवय होती. साडूंनी मग आपल्या खड्याची हकीकत सुरू केली. काका मान डोलावत राहिले आणि नजर क्षणभर खिडकीवरून हलली.

चहा आला. सगळ्यांनी पहिला घोट घेतला.

"वा," साडू म्हणाले.

"ताई, तू पण ना," मेहुणी बहिणीला म्हणाली, "गाळणी कुणी न्हाणीघरात वाळत घालतं? हात धुवायला गेले म्हणून दिसली. कसली तरी वाळू चिकटली होती. चांगली खंगाळून घेतली."

काका उठले. कमरेतली कळसुद्धा ते विसरले.

"धुतलीस?"

"हो."

"सगळी?"

"मग काय, तशीच वापरू?"

"पुरावा धुतलास तू माझा!" काका ओरडले. "चार कण होते! चार! माझ्या किडनीतले!"

साडूंच्या तोंडात दुसरा घोट होता. तो ना आत जाई, ना बाहेर येई. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग कपाकडे आणि शेवटी बायकोकडे. काकूंनी आपला कप अगदी हळू, आवाज न करता टेबलावर ठेवला.

"भाऊजी," मेहुणी बारीक आवाजात म्हणाली, "गाळणीत किडनीतलं कसं काय आलं?"

"ते सोड. तुला धुवायला पाठवलं कुणी? ह्यांनी ना?" काकांनी बोट साडूंवर रोखलं. "खानदानात दुसरा खडा नको! बाटलीवाले तुम्ही एकटेच राहायला हवेत!"

साडूंनी घोट खिडकीबाहेर टाकला. "मी ह्या घरात परत पाणीसुद्धा पिणार नाही," ते म्हणाले आणि निघाले. मेहुणी मागोमाग गेली. दारात थांबून बहिणीला म्हणाली, "ताई, तुला ठाऊक होतं?" काकूंनी उत्तर द्यायच्या आत दार आपटलं.

त्या दिवशी गाळणी केरात गेली. दुसऱ्या दिवशी नळी काढायची तारीख होती. सकाळी काका आंघोळ न करता, पेपर उलटा-पालटा करत बसले होते. काकूंनी भांडण केलं नाही, विनवण्याही केल्या नाहीत. समोर येऊन उभ्या राहिल्या.

"एक विचारू? ती नळी कुणाची?"

"कुठली?"

"तुमच्या पोटातली."

"हॉस्पिटलची."

"त्यांनी दिली का तुम्हाला? कायमची?"

"नाही. ठेवलीय."

"परत मागितलीय ना?"

"हो."

"आणि तुम्ही ती पोटात घालून त्यांच्या गेटातून बाहेर आलात. गेटवरच्या माणसाला दाखवलीत?"

काकांच्या हातातला पेपर खाली आला.

"मी आपलं विचारतेय," काकू म्हणाल्या. "कारखान्यातून कुणी असं काही पोटात घालून नेलं असतं, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?"

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. मग ते उठले आणि टॉवेल शोधू लागले.

"रिक्षा बोलाव," न्हाणीघरातून आवाज आला. "आणि वाटेत कुणी भेटलं तर कुठं चाललोय ते सांगू नकोस."

हॉस्पिटलात ते पहिल्या नंबरला बसले. दारावरच्या रखवालदाराकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नळी काढताना नाक-तोंड वाकडं केलं, पण ओरडले नाहीत. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवून त्यांना दाखवली. निळी, बारीक, दोन्ही टोकांना वळसा घेतलेली.

"पुरी आहे?"

"पुरी आहे, काका."

"तुकडा राहिला नाही ना आत?"

"नाही. दोन्ही टोकं बघा."

काकांनी वाकून दोन्ही टोकं पाहिली. मग कपडे नीट करून डॉक्टरांसमोर येऊन उभे राहिले. डॉक्टर सावध झाल्या. पुन्हा खड्याचा विषय निघणार, असं त्यांना वाटलं.

"मॅडम," काका आवाज खाली आणत म्हणाले, "तुम्ही माझ्या आत जो उजेड सोडलात, तो सगळा बाहेर आला ना? नाही, तुमचं काही माझ्याकडे राहायला नको."

आरसे, स्फटिक, बुडबुडा, सगळं डॉक्टरांच्या ओठांपर्यंत आलं. पण त्या दिवशी बाहेर बाकावर पेशंट फार होते.

"तो खर्च झाला, काका. सगळा कामावर खर्च झाला."

"कामावर?"

"हो. खडा फोडण्यात."

"आणि खडा?"

"तोही त्या कामातच गेला."

काकांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करत उतरल्या. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच खुर्चीत पाठ टेकून बसले.

"मग तसं सांगायचं ना, बाई. कामावर खर्च झालेल्या मालाला गेटपास लागतच नाही."

काकू डॉक्टरांच्या टेबलाशी आल्या.

"अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "एवढं वाक्य पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर माझी सख्खी बहीण आज माझ्याशी बोलत असती."