रक्ताची खरी नकल

रक्त प्रत्येकाजवळ असतं, आणि त्यात काय आहे हे कळून घ्यायची हौस कोणालाच नसते. ही अडचण जगातल्या सगळ्याच कचेऱ्यांना आहे. नकला विभागाने ती सोडवली, एवढंच.

नकला विभाग म्हणजे जुन्या कागदांच्या नकला काढून त्यांवर 'मूळ प्रतीबरहुकूम खरी नकल' असा शिक्का मारून देणारं खातं. दुसरा मजला, बावन्न पायऱ्या, बावीस कर्मचारी. पैकी अठराजण लिफ्टची वाट बघण्यात रोजची अकरा मिनिटं घालवत आणि तिघे ती बंद असल्याचं त्यांना सांगण्यात. उरले दप्तरीमामा. त्यांचं काम गठ्ठे शिवायचं आणि तळघरातून वर आणायचं. 'कागदपत्रांसह लिफ्टमध्ये प्रवेश नाही' असा नियम असल्यामुळे ते दिवसातून तीसेक वेळा जिना चढत. त्यांच्या पट्ट्याला कारखान्याने पाच भोकं दिली होती. पुढची चार त्यांनी दाभणाने पाडून घेतली होती.

सहा वर्षांपूर्वी वरून परिपत्रक आलं. पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी रक्तातल्या चरबीची तपासणी करून अहवाल सादर करावा. ज्याचं वाईट कोलेस्टेरॉल मर्यादेबाहेर जाईल त्याने सलग आठ शनिवार 'निरोगी हृदय' या व्याख्यानमालेस हजर राहावं. हृदयविकाराला विभागात कोणी फारसं भीत नव्हतं. तो एकदा येतो आणि जातो (कधीकधी सोबत घेऊन जातो). पण आठ शनिवार म्हणजे काय खायचं काम आहे?

पहिल्या वर्षी पस्तिशीपुढचे एकवीसजण तपासले गेले. एकटे दप्तरीमामा पास झाले. वाईट कोलेस्टेरॉल: अठ्ठ्याऐंशी. बाकी विसांनी आठ शनिवार भोगले, आणि आठव्या शनिवारी हेडक्लार्कना विचार सुचला.

"एक अस्सल कागद असला की त्याच्या वीस नकला कायद्याने चालतात," ते म्हणाले. "मग अस्सल रक्त घरात असताना विसांनी बाह्या वर करायच्या कशाला?"

या युक्तिवादात आजवर कोणालाही खोट काढता आलेली नाही.

पुढची पद्धत सोपी होती. रक्त घ्यायला येणारी मुलगी कपाटांच्या आडोशाला बसे आणि यादीतलं एकेक नाव पुकारी. प्रत्येक नावाला दप्तरीमामा "हजर" म्हणत. लेखापाल बाईंच्या नावालाही म्हणत. एकवीस छोट्या नळ्या, दोन्ही हात आलटून पालटून. मुलीच्या तक्त्यात नळीवरच्या चिठ्ठीसाठी रकाना होता, चेहऱ्यासाठी नव्हता. एकदाच तिने मान वर केली.

"मामा, तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?"

"मी दरवर्षीच येतो, पोरी."

आता एकवीसजणांचं कोलेस्टेरॉल एकाच अंगात असल्यावर त्या अंगाची काळजी घेणं हे सर्वांचं कर्तव्य ठरलं. मामांचा डबा दुपारी एकला त्रिसदस्यीय समितीसमोर उघडला जाऊ लागला. निरोपसमारंभात त्यांना काकडी देऊन खिडकीशी उभं करत, आणि त्यांच्या वाटणीचे तळलेले काप सहकारी जड अंतःकरणाने खात. ("आमच्यासाठी एवढं करतात, त्यांच्यासाठी आम्ही एवढंही करू नये?" असं स्वतः साहेब तोंड पुसत म्हणाले.) मामांचं बायकोशी वाजलं तेव्हा हेडक्लार्क अर्धी रजा टाकून समेट करायला गेले, कारण मनस्तापाने रक्त बिघडतं. पहिलं वर्ष सोडता विभागाची सरासरी अठ्ठ्याऐंशी राहिली, फरक शून्य. 'सर्वांत निरोगी हृदयाचा विभाग' म्हणून ढालही मिळाली. ती जिन्यात लावली आहे, त्यामुळे मामांखेरीज फारशी कोणी पाहिलेली नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आवकताईंना छत्तिसावं लागलं.

आवक-जावक सांभाळतात म्हणून आवकताई. तीन वर्षांच्या मुलीची आई. द्राक्षाचे उभे चार तुकडे केल्याशिवाय ते मुलीच्या तोंडात जाऊ देणार नाहीत. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद औषधाच्या आधी वाचतील. याला कारण होतं. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी सकाळी बूट घालताना गेले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. थोरले काका पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांचे तर दोन्ही बूट पायात होते. तेव्हापासून ताई मनातल्या मनात एक वजाबाकी करत. या वर्षी उत्तर सात येत होतं, आणि सात वर्षांनी मुलगी जेमतेम दहाची होणार होती. म्हणून त्यांना आपल्या रक्तात काय आहे ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं. (नोकरीत असे लोक अधूनमधून येतात. बहुधा त्यांची बदली होते.)

"मला माझं रक्त द्यायचंय," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या.

हेडक्लार्कनी चष्मा काढला. "का? मामांच्यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण ते मामांचं आहे."

"इतक्या वर्षांत एकाची तक्रार नाही, ताई."

"अहो, माझे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले."

"अरेरे." ते मनापासून हळहळले. "त्यांच्या ऑफिसात मामा नव्हते ना."

ताईंनी यादीतलं आपलं नाव बघून घेतलं. तो होकार समजून हेडक्लार्कनी समजूत पुरी केली. "आणि समजा, तुमचं खराब निघालं. मग? गोळ्या घ्याव्या लागतील. मामांचं रक्त दिलंत तर गोळ्यांचीसुद्धा गरज नाही. हवं तर मुलीच्या नावानेही एक नळी भरून घेऊ. घरचंच आहे."

तपासणीच्या दिवशी ताईंचं नाव पुकारलं तेव्हा सवयीने मामाच उठले. पण ताई आधीच खुर्चीत बसल्या होत्या, बाही दंडापर्यंत वर.

"बस गं, बस," मामा हळूच म्हणाले. "माझी एक नळी वाचली."

अहवाल आला. एकवीस नावांपुढे अठ्ठ्याऐंशी. आवकताईंपुढे एकशे त्र्याऐंशी.

विभागात शोककळा पसरली. दुपारपर्यंत ताईंच्या टेबलावर ज्ञापन होतं: 'आपला अहवाल विभागाच्या मूळ प्रतीशी जुळत नाही. सबब, तो दुरुस्त करून तीन दिवसांत पुन्हा सादर करावा.' (दुरुस्त काय करायचं, कोलेस्टेरॉल की कागद, याबाबत ज्ञापन उदार होतं.) मामांनाही तोंडी समज मिळाली, आपल्या डोळ्यांदेखत एका सहकाऱ्याचं कोलेस्टेरॉल एवढं वाढतं म्हणजे काय? त्यांचं लोणी कायमचं बंद झालं.

ताई कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी आकडा बघितला, वडिलांचं वय विचारलं, काकांचं विचारलं.

"हे नुसतं खाण्यापिण्याने झालेलं दिसत नाही. हे घराण्यातून आलेलं असावं. खाणं सांभाळा, चाला, पण गोळीला पर्याय नाही. रोज, न चुकता. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी मला सांगा, मग गोळीचं वेगळं ठरवू. आणि मुलगी शाळेत जायला लागली की तिचंही एकदा तपासून घेऊ. घाबरू नका. वेळेत आलात."

ताई रस्त्यावर आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की वजाबाकी करायचं आज राहूनच गेलं होतं.

नियमाप्रमाणे आठ शनिवार झाले. चाळीस खुर्च्या, श्रोता एक. वक्ते ताईंकडे बघून "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले. ताईंनी पहिल्या चार शनिवारी मिळून सदतीस प्रश्न विचारले. पाचव्या शनिवारी वक्ते आलेच नाहीत. स्वतःचं रक्त तपासायला गेले होते.

तीन महिन्यांनी ताईंचं वाईट कोलेस्टेरॉल भरलं ब्याऐंशी.

हेडक्लार्कनी तो कागद उजेडात धरून पाहिला. "मामांपेक्षा सहा कमी!" त्याच दिवशी बैठक होऊन ठराव झाला की येत्या वर्षापासून विभागाची मूळ प्रत आवकताई राहतील. मामांना या जबाबदारीतून सन्मानाने मुक्त करण्यात आलं. त्यांच्यासमोर तळलेल्या कापांची बशी ठेवली. मामांनी डोळे मिटून पहिला काप तोंडात टाकला तेव्हा सगळेजण सवयीने बशी ओढून घ्यायला उठले. मग एकेकाला आठवलं की ते कोलेस्टेरॉल आता आपलं नाही, आणि माणसं निवांतपणे आपापल्या बशीकडे वळली.

"मी कोणाच्या नावाने रक्त देणार नाही," ताईंनी स्पष्ट सांगितलं.

"रक्त कोण मागतंय? तुमच्या रिपोर्टची नकल काढू. ते काम आम्हाला येतं. तुम्ही फक्त गोळी चुकवू नका."

तेव्हापासून रोज अकरा वाजता एकवीसजण ताईंच्या टेबलापाशी थांबून विचारतात, "घेतलीत का?" साहेब दोनदा विचारतात. अलीकडे लिफ्ट बंद असली की ते विसाव्या पायरीवर छातीला हात लावून उभे राहतात.

"साहेब, तुम्ही एकदा स्वतःचं तपासून घ्या ना. प्लीज," ताई म्हणाल्या.

"तुमचं बघूनच धीर येतो हो," साहेब म्हणाले. "पण गोळी आठवणीने घेत चला. आमची मुलं अजून शिकतायत."

शेवटी ताईंनी हे सगळं, जसं घडलं तसं, खाली 'प्रत्येकाने आपापलं रक्त तपासावं' असं लिहून, फलकावर लावलं. विभागाने ते उभं राहून वाचलं. सगळ्यांना फार पटलं. लेखापाल बाईंनी नवऱ्यासाठी एक प्रत काढून घेतली, हेडक्लार्कनी दोन्ही मेव्हण्यांसाठी, साहेबांनी थोरल्या भावासाठी. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न नकला शिक्क्यासह बाहेर पडल्या. स्वतःसाठी काढलेली एकही नव्हती.

आपण वाचलीत ती त्यांतलीच एक. इथपर्यंत येताना ही पुढे कोणाला वाचायला द्यायची हे आपण मनाशी ठरवलं असेलच. नावं कळवायची आवश्यकता नाही. त्या यादीत कोणाचं नाव नाही, तेवढं विभागाला ठाऊक आहे.