मूळमार्गी मंडळींचे वहिमाची हकीकत

श्री. ऐकणाराचे चित्त स्थिर राहो, सांगणाराचे हातून अक्षर अधिकउणे न पडो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, भाद्रपद मासी, जर्मन बोलीच्या मुलखात एक थोर राज्य, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, तेथील डोंगरपायथ्याच्या एका जिल्ह्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे.

त्या राज्यात काळ्या निशाणाचा पक्ष मोठा, बहुत वर्षे सत्ता भोगिलेला. त्याचा दरबार राजधानीत भरे, आणि दरबारची मंडळी वर्षागणिक जुना मार्ग सोडून मधोमध सरकत चालली; सक्तीची लष्करी चाकरी बंद केली, सरहद्दीचे नाके सैल केले, कुटुंब आणि चर्च हे शब्द जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावर नेऊन ठेविले. आणि ज्या जुन्या सभासदांनी थंडीवाऱ्यात दारोदार पत्रके वाटून पक्ष उभा केला त्यांस कोणी पुसेना. मग पायथ्याच्या जिल्ह्यातील तीस असामी एकत्र जाहल्या, आणि पक्ष सोडावयाचा नाही, पक्षात राहूनच त्यास मूळ मार्गावर आणावयाचा, ऐसा निश्चय करून त्यांणी आपणांस मूळमार्गी म्हणविले. दरबारास मात्र पहिल्या दिवसापासून वहीम की हे लोक आज ना उद्या शेजारच्या, अधिक कडव्या, निळ्या निशाणाच्या पक्षात जातील; आणि मूळमार्गीयांस वहीम की दरबाराने आपल्यामागे कान लाविले आहेत.

मंडळींचे म्होरके लुडगर वीझेनकांप, धंद्याने सुतार, भरदार देहाचे, बोलण्यात उघडे, चारचौघांनी मान दिला की फुलून येणारे. मंडळाचे चिटणीसपण रोसविता होलफेल्ड या बाईंकडे होते; बाई शाळामास्तरीण होत्या, आता घरी बसल्या होत्या, बोलणे थोडे आणि स्मरण पक्के. बाईंची सून राजधानीत दरबाराच्या कचेरीत चाकरीस होती, आणि ही गोष्ट बाईंनीच पहिल्या बैठकीत सर्वांस सांगितली होती.

त्या साली पुढल्या निवडणुकीकरिता पक्षाचा जिल्ह्यातील उमेदवार निवडावयाचा होता. दरबाराने राजधानीहून एक वकीलबाई धाडिली, जिने हा जिल्हा नकाशावर पाहिला असेल तर पाहिला. मूळमार्गीयांनी खाणावळीच्या मागल्या खोलीत बसून आपला उमेदवार ठरविला, फोल्कमार नावाचा गुरांचा डॉक्टर, गावोगाव फिरणारा, लोकांच्या विश्वासाचा. आणि महिनाभर हे नाव खोलीबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या ऐन सभेत उच्चारावयाचे, म्हणजे दरबारास तोडगा काढण्यास सवड मिळणार नाही, ऐसा ठराव केला. आठ दिवस लोटले नाहीत तो जिल्ह्यातील दर सभासदाच्या घरी दरबाराचे पत्र आले: निळ्या निशाणाकडे डोळा ठेवणारी काही मंडळी एका गुरांच्या डॉक्टराचे खांद्यावरून बंदूक चालवीत आहेत, सावध असावे.

मग खोलीत जे जाहले ते लिहितानाही हात जड होतो. डेटलेफ म्हणून जमीनमोजणीचे जुने अंमलदार होते, त्यांणी दार लावून घेतले आणि सर्वांचे मोबाईल एका परातीत ठेवविले आणि बोलिले, "नाव तीस जणांस ठाऊक होते. तिसांपैकी दरबारात कोणाचे माणूस आहे, हे मी सांगावयास पाहिजे काय?"

बाईंनी चष्मा काढिला आणि म्हणाल्या, "माझी सून तेथे आहे हे तुम्हांस मीच सांगितले. घात करावयाचा असता तर सांगितले असते काय?"

"तोच तर डाव," डेटलेफ म्हणाले. "आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी वहीम घेणार नाही."

"मग न सांगितले असते तर?"

"तर लपविलेत म्हणालो असतो."

दोघेतिघे हसले, पण बाईंकडे कोणी पाहीना. बाईंनी लुडगरांकडे पाहिले. लुडगर टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवीत बसले होते, ते इतकेच बोलिले की मंडळाची मर्जी. मग बाईंस मंडळातून काढावयाचे म्हणोन हात वर करविले. बावीस हात वर जाहले, त्यांत लिहिणाराचाही होता, आणि लुडगरांनी आपला हात वर केला नाही, परंतु म्होरके म्हणोन हात मोजिले आणि आकडा सांगितला. बाईंनी बैठकीचे टिपण त्या आकड्यापर्यंत लिहिले, खाली सही केली, वही टेबलावर ठेविली, कोट घातला आणि निघोन गेल्या.

बाई गेल्यावर खोली निर्धास्त व्हावी, तो उलटे जाहले. एक म्हणे, बाईंच्या शेजारी अमका का बसत असे. दुसरा म्हणे, आठ हात खाली राहिले ते कोणाचे, याची याद ठेवावी. आणि ज्या फोल्कमाराकरिता हे सर्व चालले, तो गोठ्यागोठ्यातून फिरत लोकांची समजूत काढीत होता की आपण निळे नव्हे. आणि जों जों समजूत काढी तों तों लोकांस संशय येई.

कार्तिकात सभा भरली. नव्वद प्रतिनिधी, गुप्त मतदान. मूळमार्गीयांच्या हिशेबी अठ्ठावन मते पक्की होती. पेटी उघडिली तो चौतीस निघाली, आणि वकीलबाई उमेदवार जाहल्या. बाहेर ओसरीत दरबाराचे कारभारी गेर्नोट, बोलण्यात गोड आणि पातळ ओठांचे, लुडगरांपाशी आले आणि हात पुढे करून म्हणाले, "आपला मी फार ऋणी आहे, वीझेनकांप."

लुडगर म्हणाले, "मी तुमचे काय केले?"

"श्रावणात मी आपल्या कारखान्यात आलो होतो, खिडक्या करवावयाच्या म्हणोन विचारावयास. आपण मला कॉफी पाजिली आणि म्हणालात, यंदा ढोरांची नाडी पाहणारा येऊन तुमच्या दरबाराची नाडी पाहील. आता या जिल्ह्यात ढोरांची नाडी पाहणारे किती?"

तेव्हा ठरावास अवकाश होता, परंतु नाव लुडगरांच्या मनी आधीच होते, आणि दरबारचा एवढा कारभारी आपल्या दारी आला या आनंदात ते बोलोन गेले होते, आणि बोलिलो हेही विसरले होते. ते पुढे केलेला हात न धरिता गाडीत बसले आणि थेट बाईंच्या घरी गेले.

बाई परसात सफरचंदे निवडीत होत्या, डागी एकीकडे, चांगली एकीकडे. लुडगरांनी उभ्याउभ्याच सर्व सांगितले. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"पत्र आले त्याच दिवशी सुनेने फोन केला. म्हणाली, आई, तुमचे सुतार फार बोलतात."

"मग खोलीत माझे नाव का घेतले नाहीत?"

"घेतले असते तर मंडळ तेथेच फुटले असते, सभा तोंडावर होती. मला वाटले, तुम्हीच बोलाल." मग एक सफरचंद फिरवून पाहिले आणि डागी ढिगात टाकिले. "तुम्ही हात वर केला नाहीत, हे मी पाहिले. हात मोजलेत, तेही पाहिले."

लुडगर म्हणाले, "आता मी काय करू?"

"आता सभा होऊन गेली. मला माझे नाव परत पाहिजे. जा, आणि सांगा."

मग लुडगरांनी मंडळ बोलाविले, आणि उभे राहून, कोठेही काही न झाकता, कॉफीपासून सफरचंदांपर्यंत सारे सांगितले, आणि म्हणाले, "घात बाईंनी केला नाही. माझ्या जिभेने केला. बाईंस परत बोलवा आणि मला जी शिक्षा द्यावयाची ती द्या."

मग डेटलेफ म्हणाले, "आपण येथे येण्याआधी बाईंच्या घरी गेला होता?"

"होय."

"आणि त्याआधी गेर्नोटाशी बोललात? एकटे?"

"तो माझ्याशी बोलला."

"मग दरबाराने तुम्हांस काय देऊ केले ते सांगा. पढविलेले नको."

खरे सांगितले तर वहीम फिटेल, ऐशी लुडगरांची समजूत होती. पुन्हा हात वर करविले आणि लुडगर मंडळाबाहेर जाहले. ज्यांणी हात वर केले नाहीत त्यांची नावे पुढल्या बैठकीस निघाली. त्यांत लिहिणाराचेही होते, आणि ऐसे एकेक करून लोक बाहेर जाहले.

लुडगर तेथून बाईंकडे गेले आणि म्हणाले, "सांगितले. मानिले नाही." बाई दारात क्षणभर उभ्या राहिल्या, मग बाजूस जाहल्या, आणि त्यांस आत येऊन बसण्यास सांगितले.

येणेप्रमाणे तीस असामींच्या नऊ राहिल्या. ते नऊ जण आजही खाणावळीत बसतात, मोबाईल परातीत ठेवितात, दार आतून लावितात, आणि कोण कोणाकडे पाहातो हे पाहातात. दरबाराने त्यांची बातमी काढणे केव्हाच सोडिले, कारण त्या खोलीत आता काही ठरतच नाही.