एकदाणीचा पंचनामा

दागिने सराफ्यात न नेता घरीच धुवायचे, एवढाच निर्णय केशवराव गावंड्यांनी शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता घेतला. माणसाने निर्णय घ्यावेत, आमची तक्रार नाही. पण स्वतःचा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून ज्याने दोन्ही काचांवर ओरखडे पाडलेत, त्याने सोन्याच्या वाटेला जाऊ नये, इतकी समज तरी असावी!

केशवराव मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं अमरावतीच्या गल्ल्याबोळांतून वीजचोर पकडण्यात गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आत काहीतरी लपवून बसली आहे, असा त्यांचा पक्का समज. (दुधाच्या कॅनमध्ये ते अजूनही बॅटरी मारून पाहतात. दूधवाला आता स्वतःच झाकण काढून उभा राहतो.)

रविवारी अकोल्याला त्यांच्या मेहुण्याच्या, पंजाबरावांच्या मुलीचं लग्न होतं. केशवरावांच्या पत्नी बेबीताई म्हणजे नवऱ्या मुलीची, गीतांजलीची, एकुलती एक आत्या. आत्याच्या गळ्यात आईची एकदाणी हवीच. सोन्याच्या मण्यांचा तो एकसरी हार बेबीताईंच्या वडिलांनी त्यांच्या आईला घडवून दिलेला. आई गेल्यावर तो लेकीकडे आला आणि माहेरचं एकही लग्न त्याच्याशिवाय लागलं नाही.

“सराफ्यात जयवंताबाईकडे नेऊन द्या,” बेबीताईंनी सांगितलं. “ते तिच्या हातानं धुते.”

“पॉलिशवाले तेजाबात बुडवतात अन् सोनं खाऊन टाकतात. माह्या मोबाइलवर व्हिडिओ आला हाय.”

“जयवंताबाई तेजाब नाई लावत.”

“ते आत बसून काय करते, तुले काय ठाऊक?”

बेबीताईंनी कपाळावर हात मारला आणि त्या ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेल्या. एकदाणी कपाटात, किल्ली खिळ्यावर. या सबंध प्रकरणात त्यांची चूक म्हणाल तर एवढीच.

आता त्या व्हिडिओबद्दल. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात दागिने कसे धुवावेत ते होतं आणि दुसऱ्या अर्ध्यात काय करू नये ते होतं. मध्येच मसाल्याची जाहिरात लागली. केशवरावांनी मसालेवाल्याचा उद्धार करून मोबाइल ठेवून दिला. देशातलं निम्मं ज्ञान हे असं मसाल्यापाशी थांबलेलं आहे!

सुरुवात चांदीने झाली. कढत पाणी, खायचा सोडा आणि पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. पाचच मिनिटांत काळं पडलेलं निरांजन लखलखलं. इथे थांबले असते तर केशवराव आज घरात मान वर करून फिरले असते. पण यशाने मोठमोठ्यांची डोकी फिरतात, हे तर मीटर तपासनीस.

सोन्यासाठी व्हिडिओतल्या बाई ‘कोमट पाणी’ म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षांचा मळ कोमट पाण्याला काय भीक घालणार? केशवरावांनी पातेल्यात मूठभर रिठे टाकले, एकदाणी सोडली आणि गॅस मोठा केला. पाण्याला चांगली खळखळ उकळी आली. मग त्याचा रंग बदलू लागला. सांडशीने एकदाणी वर काढली, तर मण्यांच्या भोकांतून लालसर-काळा चिकट पदार्थ ओघळत होता. त्यांनी एक मणी चिमटीत धरला, तर तो पिकल्या बोरासारखा दबला.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. केशवरावांना आनंद झाला. चोर सापडला होता! खात्री करण्यासाठी त्यांनी दुसरा मणी दाबला. मग तिसरा. तपासाच्या हितासाठी एकूण सात मणी दाबण्यात आले.

मग त्यांनी चष्मा लावला आणि तीस वर्षांच्या सवयीने मजकूर लिहून काढला: ‘सदर दागिन्याच्या मण्यांमधून तांबूस-काळसर चिकट पदार्थ स्रवताना आढळून आला. सोन्यात मोठ्या प्रमाणावर भेसळ असून माझे कै. सासरे यांची सोनाराने फसवणूक केली, अथवा त्यांनी आमची. पुढील तपास चालू आहे.’ खाली सही, तारीख, वेळ. सोबत तीन फोटो. आणि हा पंचनामा त्यांनी पाठवला कुठे? पंजाबरावांना एकट्याला नव्हे. ‘गीतांजली परिणय’ या ग्रुपवर. त्यात दोन्हीकडचे मिळून एकशे त्रेचाळीस लोक होते.

दहा मिनिटांत अकोल्याहून फोन आला.

“जवाईबुवा, माह्या मेल्या बापाले चोर म्हणून राहिले तुमी?”

“चोर कोण म्हणते, पंजाबभाऊ? मी ‘अथवा’ लिहिलं हाय.”

“तुमच्या त्या अथवानं माह्या पोरीचं लगन मोडते आता! नवरदेवाच्या आजीचा फोन आला होता, तानुबाईचा. म्हणते, तुमच्या घरचं सोनं असं हाय, तं पोरीच्या अंगावरचं कसं असंन? आधी दागिने तपासू, मंग अक्षता टाकू. थांबा तिथंच, मी येऊन राहिलो!”

बेबीताई परतल्या, तेव्हा एकदाणी वर्तमानपत्रावर मेलेल्या गोमेसारखी पडली होती. त्या काही बोलल्या नाहीत. संसारात बायको ओरडते तोवर सगळं ठीक असतं. ती गप्प बसली की समजावं, आपलं काही खरं नाही. दोन तासांनी पंजाबराव आले. खांद्यावर हळदीचा डाग, हातात गाडीची किल्ली. तिघंही सराफ्यातल्या जयवंताबाईच्या दुकानात गेले.

नवऱ्यामागे जयवंताबाईने तीस वर्षं दुकानातली शेगडी विझू दिली नव्हती. एकदाणी हातात घेऊन तिने आधी हुंगली.

“उकळली?”

“थोडीशी,” केशवराव म्हणाले.

“भात हाय काय, थोडीशी उकळाले?”

“पण आतून भेसळ निघाली त्याचं काय?”

“भेसळ नोहे, साहेब. लाख हाय ते. सोन्याचा पत्रा कागदावानी पातळ. आत लाख भरली नाई तं मणी पहिल्याच दिवशी चेपते. वजन करताना लाख वजा करतात, सोनंच तेवढं धरतात. जुनी चाल हाय. तुमच्या सासऱ्यानं चोरी नाई केली, मण्याले हाड देलं हाड! ते हाड तुमी उकळून काढलं.” मग तिने भिंग डोळ्याला लावलं. “अन् हे सात मणी? हे उकळून नाई चेपले. हे कोणंतरी बोटानं दाबले.”

केशवराव दुकानाच्या छताकडे पाहू लागले. तीस वर्षं लोक त्यांच्यासमोर असंच छताकडे पाहत आले होते.

“रविवारी सकाळी नेजा,” जयवंताबाई म्हणाली. “नवी लाख भरून देतो. ह्या सात मण्यांचे चेप पुरे निघणार नाईत, ते मागं मानेकडं गाठवतो. अन् ताई, याईच्या हाती देऊ नका.”

पंजाबरावांनी तिथल्या तिथे केशवरावांकडून ग्रुपवर खुलासा लिहून घेतला. आता एक गोष्ट आम्ही उभ्या आयुष्याच्या अनुभवावरून सांगतो: आरोप सगळं गाव वाचतं, खुलासा कोणी वाचत नाही. पंचनामा एकशे त्रेचाळीस जणांनी वाचला होता, शिवाय तो परतवाड्याच्या दोन भजनी मंडळांत फिरला होता. खुलासा फक्त केशवरावांनी वाचला. दोनदा.

म्हणून रविवारी अकोल्याच्या मंगल कार्यालयात मुहूर्ताला अर्धा तास उरला, तरी अक्षतांची ताटं तशीच झाकलेली. मांडवाच्या मध्यावर खुर्ची टाकून तानुबाई बसली होती. वय ऐंशी, आवाज वीस.

“पंचनामेवाले जवाई कोण हायेत ते? आणा इकडं.”

पंजाबरावांनी केशवरावांना कोपराला धरून पुढे आणलं. बेबीताई शेजारी उभ्या राहिल्या, गळ्यात एकदाणी, पदर मानेवर घट्ट.

“सांगा, सोनं खोटं हाय का खरं?”

“खरं हाय,” केशवराव म्हणाले. “चूक माही. आत लाख असते, मण्याले आधार म्हणून. सोन्यात धरत नाईत ते.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. छताकडे न पाहता, सात मण्यांसकट.

तानुबाईने बेबीताईंचा पदर सारला, मागचे सात मणी बोटाने चाचपले, मग स्वतःच्या गळ्यातली एकदाणी चाचपली. “माह्यीतही हाय लाख,” ती म्हणाली. “वाटा रे अक्षता!”

पंजाबरावांनी स्वतःच पहिलं ताट उघडलं.

केशवरावांनी इथे तरी थांबावं ना! पण भोवती बाया जमल्या होत्या आणि ऐकत होत्या. केशवरावांची छाती फुगली आणि त्यांचं व्याख्यान सुरू झालं. लाखेच्या दागिन्याला गरम पाणी दाखवू नये. अत्तर आधी लावावं, दागिना मागून घालावा. मोती ओल्या फडक्याने नुसता पुसावा. चांदी मऊ सुती कापडात गुंडाळावी आणि सोन्याच्या डबीत टाकू नये. (व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग त्यांनी शनिवारी मसाल्यासकट पाहिला होता.) बाया माना डोलवत होत्या. एकीने तर लिहूनही घेतलं.

तानुबाईने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“जवाईबापू, एवढं सारं ठाऊक हाय,” ती म्हणाली, “तं मंग उकळली काहून?”

केशवरावांनी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव भटजींना काहीतरी विचारायला निघून गेले.

“उकळल्यावरच तं ठाऊक झालं न, आजी,” बेबीताई म्हणाल्या.

सगळा मांडव हसला. केशवरावही हसले. शुक्रवारपासून बायको त्यांच्या बाजूने बोलली, असं ते पहिलंच वाक्य होतं.