मूठभर अंथरूण

आमच्या ह्यांना शब्द जपून वापरायची खोड आहे. उभी हयात स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा देण्यात गेली. सगळे शब्द तिथेच सांडून आले असावेत. घरासाठी तीनच उरले: आंघोळ, जेवण, झोप! उरलेलं वाक्य मी पुरं करायचं, आणि आजवर मी ते बिनचूक केलं आहे. शाळा मला फारशी लाभली नाही, पण ह्यांच्या एका 'हं'चे मी जेवढे अर्थ सांगीन, तेवढे कुणा पंडिताच्या बापाला जमणार नाहीत.

तेव्हा मांजूच्या प्रकरणात दोष माझा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मांजू म्हणजे आमच्या नातीची, कोहारूची, गोल्डफिश. जत्रेत कागदाच्या पळीनं पकडलेली. तसले मासे घरी जिवंत पोचले तरी पुष्कळ. ही आमच्याकडे खाऊनपिऊन पेरूएवढी झाली. जुनी काचेची पेटी तिला पुरेना. रविवारी कोहारू यायची होती, त्याआधी मांजूला नवं घर द्यायचं ह्यांनी ठरवलं. म्हणजे "पेटी" एवढंच म्हणाले. बाकीचं मी ओळखलं.

शनिवारी मोठी पेटी आली. ह्यांनी तळाला भाजलेल्या काळ्या मातीच्या गोळ्या पसरल्या, पाणी भरलं, मांजूला बादलीत ठेवलं आणि हवेची नळी आणायला दुकानात गेले. मी काय नुसती बसणार? जुन्या पेटीतली वाळू शेवाळानं बुळबुळीत झाली होती. ती मी तांदळासारखी धुतली, अगदी नितळ पाणी येईपर्यंत, आणि अंगणात वाळत घातली.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "नव्यात मूठभर तोको घाल. जुनं. जीव असतो त्यात." आणि ठेवलासुद्धा!

तोको म्हणजे अंथरूण. पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला तोको म्हणजे एकच: ओट्याखालचं मडकं. तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी आणि सासूबाईंनी जाताना माझ्या हवाली केलेला त्यातला आंबटपणा. त्या अंथरुणात काकडी निजवली की सकाळी लोणचं होऊन उठते. रोज तळापासून ढवळावं लागतं, नाहीतर रुसतं. शेजारची किनुयो वर्षानुवर्षं त्यातलं मूठभर मागते आहे, विरजणाला. मी हसून हवापाण्यावर बोलते. सासूबाईंचा हात असा गल्लीभर वाटायचा असतो का?

आणि आज ह्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलं, त्यात जीव असतो! माझा ऊर भरून आला. चांगली सढळ मूठ घेतली. तिच्यात सलगमाचा तुकडा आला, तोही राहू दिला. सगळं पेटीत सोडलं, आणि अंथरुणाचा रिवाज म्हणून कोपरापर्यंत हात घालून तळापासून ढवळलं. मग मांजूला आत सोडलं.

पाणी म्हणजे गढूळ मिसोचं सूप! मांजू आधी दिसेचना. मग दिसली ती आडवी, तोंड पाण्यावर काढून धापा टाकणारी. उद्या कोहारूला काय दाखवू?

हे नळी घेऊन दारात उभे राहिले आणि बोलू लागले. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी! शोभेच्या माशांच्या दुकानात पेटीच्या तळच्या वाळूलाही तोकोच म्हणतात म्हणे. न धुतलेल्या जुन्या वाळूत जीव असतो आणि तो घाण खाऊन पाणी राखतो म्हणे. मग विचारलं, वाळू कुठे आहे? मी अंगणाकडे बोट दाखवलं. मोत्यासारखी चमकत होती.

मी सुशीचा भात कालवायची माझी लाकडी परात काढली, बादलीतलं उरलेलं शिळं पाणी ओतलं, मांजूला तिच्यात ठेवलं. ह्यांनी पेटी उपसली, पिशवीत उरलेली काळी माती पुन्हा पसरली. पण जिवंत वाळूवाचून सगळं अडलं. आमच्या गल्लीत गोल्डफिश अजून एकीच्याच घरी आहे. गेले तिच्या दारी.

"किनुयो, तुझ्या पेटीतली मूठभर वाळू हवी होती," मी म्हटलं. "न धुतलेली."

तिनं माझ्या कोपरापर्यंत कोंडा लागलेल्या हाताकडे पाहिलं. "देते की, तोमिएताई. मूठभरच ना?" असं म्हणत तिनं फळीवरून काचेची एक बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. रिकामी, लख्ख पुसलेली. "मलाही मूठभरच."

इतकी वर्षं बाईनं बरणी तयार ठेवली होती!

दिली. मूठ वाळूला मूठ कोंडा. वर रोज तळापासून ढवळायचं, हेही सांगून आले. सासूबाईंचं नाव तिच्या हातून बुडायला नको.

रविवारी कोहारू आली तेव्हा मांजू नव्या घरात शेपूट मिरवत फिरत होती. तिच्यासाठी करायची सुशी मात्र झाली नाही. परातीला माशाचा वास, तोही जिवंत माशाचा. भाताच्या मुटक्यांवर भागवलं. पोरीनं चार खाल्ले आणि मांजू जाडी झाली म्हणून टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी हे पेटीसमोर तृप्त होऊन बसले होते. मी आत आले तशी मान न वळवता म्हणाले, "जेवण."

मी पेटीशी गेले. मांजू काचेला टेकून माझ्याकडे बघत होती.

"अहो, तुम्ही एक शब्द गाळलात आणि सासूबाईंचं अंथरूण शेजारी गेलं. ही बघा, भूक लागली की कसं पुरं तोंड उघडते. आजपासून ह्या घरात आधी हीच जेवेल."