पाचवा अखेरचा दिवस

मेट्रोच्या पूर्व मार्गावरचे शेवटून दुसरे स्टेशन बंद करण्याचा निर्णय महामंडळाने घेतला, त्यामागे कोणाचाही आकस नव्हता. त्या स्टेशनला प्रवासी नव्हते, एवढेच कारण होते. काटेकोरपणे सांगायचे तर एक होता, म्हणजे होती.

ती शहरातल्या एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याचे काम करी. रोज सकाळच्या पहिल्या गाडीने जाई, संध्याकाळी परत येई. ती गाडीत चढली की स्टेशनमास्तर फलाटावरचे पंखे बंद करीत आणि संध्याकाळी ती उतरायच्या जरा आधी पुन्हा सुरू करीत. स्टेशनचे कामकाज ते हेच.

स्टेशनचा इतिहासही फार मोठा नाही. तीसेक वर्षांपूर्वी नगररचना खात्याने शहर पूर्वेकडे वाढेल असे ठरवले. शहराला तसे कळवायचे राहून गेले आणि ते पश्चिमेला वाढले. स्टेशन मात्र आराखड्याप्रमाणे, मुदतीत बांधून झाले. दोन फलाट, एक सरकता जिना, चार प्रवेशद्वारे. त्यांपैकी तीन दारे मोकळ्या मैदानात उघडत आणि चौथे एका छोट्या वसाहतीत. वसाहतीतले लोक आपापल्या मोटारीने कामाला जात. परत आल्यावर मोटारी स्टेशनच्या वाहनतळावर लावत, कारण तो फुकट होता. वाहनतळ कायम भरलेला असे. त्यावरून स्टेशन चांगले चालले आहे असा महामंडळाचा बरीच वर्षे समज होता. स्टेशन झाल्यामुळे वसाहतीची बस अनावश्यक ठरली आणि बंद करण्यात आली.

महिनाअखेरीस शेवटची गाडी सुटेल, अशी पाटी स्टेशनबाहेर लागली आणि वसाहत हादरली.

"अगं, आपलं स्टेशन चाललं!" कवळ्या बनवणारीच्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही कधी गेलायत का हो तिथून?"

"जायलाच हवं असं थोडंच आहे? असण्याला काही किंमत असते की नाही?"

"मी कामाला कशी जाऊ तेवढं सांगा."

"ते बघू गं नंतर. आधी माझा चष्मा पुसून दे. रडताना काही दिसायला तरी हवं."

अखेरच्या दिवशी सकाळी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. वसाहत तर आलीच होती, शहरातूनही लोक आले होते. ते मोटारीने आले होते, कारण परतीचे काय, हा प्रश्न होता. फलाटावर जायला तिकीट लागते म्हणून प्रत्येकाने तिकीट काढले. वसाहतीतले एक निवृत्त प्राध्यापक बाकावर उभे राहून बोलले. "या सरकत्या जिन्यावरून किती स्वप्नं वर गेली असतील!" ते म्हणाले.

"जिना बसवला तसा बंद आहे, सर," मास्तर हळूच म्हणाले.

"म्हणूनच ती अजून इथेच आहेत," प्राध्यापक म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

पहिली गाडी आली. शंभरेक माणसे दारांशी गेली, गाडीच्या अंगावरून हात फिरवून आली. चढले कोणीच नाही. कवळ्या बनवणारी गर्दीत मागे डबा डोक्यावर धरून "मला जायचंय हो, मला जायचंय" म्हणत होती. लोकांना वाटले, भावनेच्या भरात म्हणते आहे. एका बाईने तिला मिठी मारली. दारे लागली आणि गाडी रिकामी निघून गेली.

ती तीन वाहने बदलून लॅबमध्ये पोचली तेव्हा दुपार होत आली होती. लॅबचे मालक वाईट माणूस नव्हते.

"ताई, कवळी म्हणजे काही शोभेची वस्तू नाही," ते म्हणाले. "तिकडे एक आजोबा पंधरवडाभर नुसतं पातळ खातायत. पहिल्या पाळीला येणार असाल तर तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. येणार नसाल तर मला दुसरी बघावी लागेल."

"येते ना. रोजच येते की मी."

"आजचं काय झालं मग?"

"स्टेशनवर गर्दी होती."

"तुमच्या स्टेशनवर?" मालक म्हणाले. थाप मारायची तर निदान पटणारी मारावी, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

त्या एका दिवसात स्टेशनने मागच्या दहा वर्षांत विकली नव्हती एवढी तिकिटे विकली. एवढी विक्री असलेले स्टेशन बंद करता येत नाही असा महामंडळाचाच नियम आहे. निर्णय मागे घेण्यात आला. वसाहतीने पेढ्यांऐवजी एकमेकांना संदेश वाटले आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने कामाला गेली. मास्तरांनी पंखे सुरू केले, ती चढली, पंखे बंद केले.

पुढच्या महिन्यात प्रवासीसंख्या पाहून स्टेशन बंद करण्याचा निर्णय पुन्हा घ्यावा लागला. दुसऱ्या अखेरच्या दिवशी पहिल्याहून जास्त लोक आले. ज्यांचा पहिला हुकला होता ते तर आलेच, ज्यांना पहिला आवडला होता तेही आले. निर्णय पुन्हा मागे.

येथे महामंडळाच्या उपमहाव्यवस्थापकांची दूरदृष्टी नोंदवली पाहिजे. बाकीचे अधिकारी स्टेशन चालवावे की बंद करावे यावर वाद घालत असताना त्यांनी आलेखाकडे पाहिले. "हे स्टेशन चालू असताना तोट्यात असतं आणि बंद होताना नफ्यात," ते बैठकीत म्हणाले. "मग आपण ते बंद करत राहू." अशा रीतीने निरोप विभागाची स्थापना झाली. त्याला स्वतंत्र मजला आणि लिफ्ट मिळाली.

तिसरा अखेरचा दिवस विभागाच्या देखरेखीखाली पार पडला. सरकता जिना दुरुस्त करून खालच्या दिशेने सोडण्यात आला, कारण निरोपाला ते शोभते. चौथ्याला बँड होता आणि फलाटाच्या एका टोकाला भावना कक्ष. त्यात काचेमागे बसून ज्येष्ठ नागरिक स्टेशनच्या आठवणी सांगत. सासूबाईंची तिथे नेमणूक झाली. मुलगा पहिल्या नोकरीला निघाला तेव्हा याच फलाटावरून त्याला कसा निरोप दिला, हे त्या सांगत. रांग बाहेरच्या दारापर्यंत गेली.

"आई, ते स्कूटरवरून गेले होते," सून रात्री जेवताना म्हणाली. "पाऊस होता म्हणून तुम्ही ओरडलातसुद्धा."

"मग स्कूटरवर कोण रडणार होतं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझं तोंड का एवढं उतरलंय? माझं कौतुक बघवत नाही होय?"

"आज परत उशीर झाला मला. मालकांनी शेवटचं म्हणून सांगितलंय."

"सांगू देत की. इथे महिन्यातून एकदा शेवटचं असतं," सासूबाई म्हणाल्या. विभागात राहून त्यांचा दृष्टिकोन व्यापक झाला होता.

यानंतर विभागाच्या एक दोष लक्षात आला. लोक निरोप देऊन घरी जात आणि दुसऱ्या दिवशी मोटारीच्या खिडकीतून त्यांना तीच गाडी त्याच स्टेशनवर उभी दिसे. काहींनी तक्रार केली. आपण एवढे रडलो त्याचे काय, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. तेव्हा अखेरच्या दिवसांखेरीज इतर दिवशी गाडी या स्टेशनवर थांबू नये, असे ठरले.

कवळ्या बनवणारी निरोप विभागात गेली. उपमहाव्यवस्थापकांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"साहेब, सकाळची एक गाडी थांबवा. मी एकटीच असते, पटकन चढेन. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"ताई, तुमची अडचण मला कळतेय. पण गाडी थांबली म्हणजे स्टेशन चालू आहे असा अर्थ होतो. चालू स्टेशनला निरोप द्यायला कोण येणार?"

"मग बस तरी सुरू करा पूर्वीची."

"बस मिळते ती स्टेशन बंद झाल्यावर. नियमच आहे तसा."

"ते बंदच आहे की आता!"

"बंद नाही, बंद होतंय," साहेब समजुतीने म्हणाले. "झालं असतं तर मीच तुमचा अर्ज पुढे पाठवला असता. तुम्ही असं का करत नाही? येत्या मंगळवारी पाचवा अखेरचा दिवस आहे. त्या दिवशी गाडी थांबणारच आहे. तेव्हा जा."

मंगळवार तिच्याही उपयोगाचा होता. लॅबच्या मालकांनी तिला मंगळवारपर्यंत सवलत दिली होती. त्या दिवशी पहिल्या पाळीला दिसली नाही तर तिच्या टेबलावर दुसरी बसणार होती. ती अंधार असतानाच स्टेशनवर आली. मास्तरांनी तिच्यासाठी पंखा लावला.

"आज काही करून चढा, ताई," ते म्हणाले. "मी दारापाशी जागा धरतो."

आणि ती चढली. मास्तरांनी शिट्टी वाजवून दोन छायाचित्रकारांना मागे सारले, बँडच्या ढोलाखालून वाट काढली आणि तिला आत ढकलले. दारे लागली. गाडीत ती एकटी होती. बाहेर रुमाल हलत होते, प्राध्यापक बाकावर चढले होते, काचेमागे सासूबाई हुंदके देत होत्या. गाडी हलली. चालत्या गाडीत तिने डबा मांडीवर घेतला आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच नीट श्वास घेतला.

गाडी फलाटाच्या टोकापर्यंत गेली, थांबली आणि मागे येऊ लागली. चौथ्या वेळी मागे उभ्या असलेल्यांना नीट दिसले नव्हते म्हणून विभागाने निरोपाच्या तीन फेऱ्या ठेवल्या होत्या. तिसऱ्या फेरीनंतर ती गाडी कारशेडला जाणार होती, आणि त्या दिवशी थांबणारी तेवढी एकच होती. "आत कुणीतरी आहे!" कोणी ओरडले, आणि तिला उतरवण्यात आले.

"मला कोणी सांगितलंच नाही, ताई," मास्तर म्हणाले. ते खरे होते.

त्या दिवशी तुम्हीही तिथे होतात. लाजण्याचे कारण नाही; बरेच जण होते. पहिली पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. हाती डबा असलेली एक बाई फलाटावर एकेकाला विचारत फिरत होती, की शहराकडे कोणाची मोटार चालली आहे का. ती तुमच्यापाशीही आली. तुमची मोटार शहराकडेच जायची होती आणि तिच्यात चार जागा रिकाम्या होत्या. पण नेमकी त्याच वेळी गाडी तिसऱ्यांदा फलाट सोडत होती आणि बाई मध्ये येत होती.

"एक मिनिट हं, जरा बाजूला व्हा," तुम्ही म्हणालात.

ती झाली. फोटो चांगला आला आहे. त्याखाली तुम्ही लिहिलेली ओळही लोकांना भिडली: स्टेशन नाही, माणसं जोडणारं काहीतरी आज आपण गमावलं. सहावा अखेरचा दिवस पुढच्या महिन्यात आहे. मोटार जरा लवकर काढा, वाहनतळ भरतो.