अंटार्क्टिकाची फेअर कॉपी

बिबवेवाडीचे श्रीनिवासराव भूगर्भशास्त्रज्ञ. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि तरुणपणी सोळा महिने अंटार्क्टिकात राहून आलेले. ही दुसरी गोष्ट सोसायटीत ज्याला ठाऊक नसे, त्याला ती लिफ्टमध्ये कळे. बिचाऱ्याचा मजला येऊन जाई, पण बर्फाच्या भेगेची गोष्ट काही संपत नसे.

अशा माणसाला एका संग्रहालयाचं पत्र आलं. तुमची खासगी कागदपत्रं, विशेषतः तिथल्या रोजनिश्या आम्हाला द्या, तुमच्या नावाचं स्वतंत्र कपाट ठेवू! श्रीनिवासरावांनी पत्राची झेरॉक्स सोसायटीच्या फलकावर लावली. "असं काम करून देतो, की बघत राहतील," ते पत्नीला, विमलाबाईंना म्हणाले. विमलाबाईंनी त्या चौदा वह्या कधीच उघडल्या नव्हत्या. खात्याच्या कागदाला घरच्यांनी हात लावायचा नाही, असा नियमच होता.

वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण त्या थंडीत शाई गोठते. अक्षर पुसट, रॉकेलचे डाग, पानोपानी खाडाखोड. असला गचाळपणा कपाटात ठेवायचा? नोकरीत छत्तीस वर्षं एकच शिस्त पाळलेली: रफ लिहायचं, फेअर करायचं, रफ नष्ट करायचं. आठ महिने ते फेअर करत बसले. भांडणं गाळली, रडणं गाळलं, करपलेली डाळसुद्धा गाळली. उरलं तापमान, वारा आणि खडक. रफ रद्दीत दिलं तर कोणीही वाचेल, म्हणून ते फाडून बादलीत भिजवलं. तेवढ्यात सोसायटीने कागदाच्या लगद्याचा गणपती करायला घेतला. यांनी बादली देऊन टाकली. वर नारळ देऊन सत्कारही झाला.

दिवाळीनंतर संग्रहालयाच्या शर्मिला मॅडम आल्या. निळ्या शाईतल्या सुबक वह्या त्यांनी बराच वेळ चाळल्या.

"सर, हे सगळं तुमच्या छापील अहवालात आहेच. मूळ वह्या कुठं आहेत?"

"ते रफ होतं. सोसायटीच्या गणपतीत गेलं."

मॅडमचा चेहरा उजळला. "म्हणजे मूर्ती आहे?"

"विसर्जन झालं. अनंत चतुर्दशीला, हौदात."

मग मॅडमनी सौम्य शब्दांत समजावलं, की तुम्ही कोणाशी भांडलात, कशाला घाबरलात, कोणाची आठवण काढलीत, तेच आम्हाला हवं होतं. चहा घेतला आणि कपाटाचं कळवते म्हणाल्या. पुण्यात कळवते म्हणजे काय, हे श्रीनिवासरावांना सांगावं लागलं नाही. एवढा अपमान खात्यातही कधी झाला नव्हता.

विमलाबाई कप उचलत होत्या.

"त्यात माझ्याबद्दल काही होतं?"

"होतं की. बरंच होतं."

"आपली उत्कर्षा झाली तेव्हा खात्यामार्फत तार केली होती मी. तुमचं उत्तर काही आलं नाही. त्या दिवशी काय लिहिलं होतंत?"

श्रीनिवासरावांनी लगबगीने वही उघडून तारीख काढली. "उणे सव्वीस. वारा आग्नेयेकडून."

"हे फेअर झालं. रफमध्ये काय होतं?"

पान त्यांना लख्ख आठवत होतं. दोन्ही बाजू भरलेल्या, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेल्या. मजकुरातला मात्र एक शब्द आठवेना. आठवत होता तो फक्त समासातला शेरा, फेअर करताना त्यांनीच लाल शाईने मारलेला: 'अनावश्यक'.

विमलाबाई कप हातात घेऊन थांबल्या होत्या. शेऱ्याचं त्यांना सांगायची हिंमत श्रीनिवासरावांना झाली नाही.